राजहंसगड विरुद्ध पारगड : एका क्रॉसवरचं प्रकरण

मध्यस्थी शिकायला येणाऱ्यांना दोनच तऱ्हेची प्रकरणं आवडतात: पैसा बुडालेली, नाहीतर डोकी फुटलेली. या प्रकरणात बुडाले ते मूठभर अळीव आणि फुटला तो मातीचा एक माणूस. तरी मी ते शिकवायला घेतो. गंभीर भांडणात माणसं सांभाळून बोलतात, कागद जपतात, वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. फालतू भांडणात ती मोकळी सुटतात, आणि मग भांडण कशावर चालतं ते उघडं दिसतं.

नावं देत नाही, क्रॉसचा, म्हणजे उपनगरातल्या आडव्या रस्त्याचा, नंबरही नाही. बेळगावात भाग्यनगरकडून अनगोळच्या अंगाला असे क्रॉस बरेच आहेत. एक-दीड मजल्याची घरं, जांभ्याचं कंपाउंड, दारात तुळस, मागे आंबा किंवा रामफळ. निवृत्त माणसं जास्त, पोरं पुण्या-बेंगळूरला. दुपारी दोन ते चार भाजीवालासुद्धा ओरडत नाही. मी त्याच क्रॉसवर राहतो, तेव्हा मला तटस्थ समजू नये.

पक्ष

उत्तरेच्या घरात मास्तर. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त, जन्म आणि वाढ शहापूरची. दक्षिणेच्या घरात मॅनेजर. बँकेतून निवृत्त, बेळगावच्या जुन्या बाजारपेठेलगतच्या गल्लीतले. मधे कंबरभर उंचीची भिंत. दोघांचे मुलगे पुण्यात. दोघांच्या बायकांचं एकमेकींशी उत्तम जमतं. दोघी एकमेकींना अक्का म्हणतात आणि थोरली कोण हे अजून ठरू दिलेलं नाही.

कोपऱ्यावर वकीलसाहेब. मातृभाषा कन्नड, मूळ धारवाडकडचे. मराठी आमच्यापेक्षा सावकाश बोलतात आणि म्हणून आमच्यापेक्षा नीट. त्यांच्याकडे एक मांजर आहे. तिचा उल्लेख पुढे येणार आहे.

वादाचं मूळ

दोन्ही पक्षांना विचारलं तर ते म्हणतात, भांडण किल्ल्यावरून. ते खरं नाही. भांडण रंगावरून.

शहापूर आज बेळगावातच आहे, पण १९४८पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव मात्र इंग्रजांच्या मुलखात. मधे नदी नाही, डोंगर नाही, आणि राज्यं दोन. त्याची एक खूण अजून शिल्लक आहे. बेळगाव शहर रंग खेळतं धूलिवंदनाला, शहापूर खेळतं रंगपंचमीला. शहरात राहणाऱ्याला यात अडचण नसते, कारण तो आपल्या गल्लीत असतो आणि गल्लीचा दिवस ठरलेला असतो. उपनगरात शहापूरचा माणूस आणि बेळगावचा माणूस एकाच भिंतीला टेकून राहायला आले, तर दिवस कुणाचा धरायचा?

मॅनेजर राहायला आले त्या वर्षी धूलिवंदनाला सकाळी त्यांनी शेजारधर्म म्हणून बादली घेतली आणि मास्तरांना रंगवलं. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून एका मुंजीला निघाले होते. "आमच्यात आज नसतं हो!" असं ते म्हणेपर्यंत बादली रिकामी झाली होती. मास्तर काही बोलले नाहीत. रंगपंचमीला मात्र त्यांनी गेटाआड उभं राहून वाट पाहिली आणि बँकेत निघालेल्या मॅनेजरांना, फायलीसकट, निळं केलं. मॅनेजर तेव्हा नोकरीत होते.

यात चूक कुणाची? दोघांनीही आपल्या पंचांगाप्रमाणे बरोबर वागणूक केली. वर्गात इथं नेहमी मतं फुटतात, आणि फुटू द्यावीत.

किल्ल्यांची चढाओढ

दिवाळीला किल्ला करणं हे बेळगावात पोरांचं काम. दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, लाल मातीनं लिंपायचं, अळीव किंवा मोहरी पेरायची, तीन-चार दिवसांत हिरवं झालं की वर महाराज, खाली मावळे, गुहेत वाघ. फक्त कर्नाटकातल्या शाळांना लांब सुट्टी दसऱ्याची असते, दिवाळीला मोजकेच दिवस. महाराष्ट्रातल्या शाळांना ती दिवाळीत. म्हणून आमच्या क्रॉसवर किल्ल्याला हात मोकळे असत ते पुण्याहून आलेल्या नातवंडांचे.

मास्तरांच्या नातवानं राजहंसगड केला. येळ्ळूरचा हा गड आमच्या गच्चीवरून दिसतो, त्यामुळे पोराला समोर बघून करता आला. भिंतीपलीकडून मॅनेजर म्हणाले, "काय हो मास्तर, वारूळ करूलालाय होय?" पुढच्या दिवाळीत मॅनेजरांच्या नातीनं पारगड केला. पारगड चंदगड तालुक्यात, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा तिथले किल्लेदार होते असं परंपरा सांगते. मास्तरांनी भिंतीवरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "तोफेचं तोंड वाड्याकडं आहे."

त्यानंतर एक-दोन वर्षांत नातवंडं मोठी झाली, क्लासेस लागले, दिवाळीला यायची बंद झाली. किल्ले मात्र थांबले नाहीत. या प्रकरणाची हीच खरी सुरुवात. पोरांचा खेळ पोरांनी सोडला तेव्हा दोन आजोबा त्यात पूर्ण वेळ उतरले, आणि त्यांच्याकडे निवृत्तिवेतन होतं.

आधी उंची वाढली. मग मास्तरांनी सलाईनच्या नळीचं कारंजं केलं. खिडकीच्या सज्ज्यावर बादली, खाली नळी, टोकाला बॉलपेनची निब. पाणी सुटल्या जागेच्या वर कधी जात नाही, हे मास्तरांना माहीत होतं, पण सज्जा तेवढाच उंच होता. मॅनेजरांनी थेट गच्चीवरच्या टाकीला नळी जोडली. कारंजं पुरुषभर उडालं आणि बोअरच्या जोरावर पाच दिवस, रात्रंदिवस, उडत राहिलं.

मास्तरांनी उत्तर दिलं ते पोवाड्यांनी, लाउडस्पीकरवर. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावू देत नाहीत. मास्तर कायदा पाळणारे. नरकचतुर्दशीला सहाला एक मिनिट कमी असताना ते बटणावर बोट ठेवून बसले होते, हे त्यांच्या बायकोनंच सांगितलं.

मग आलं फितूर प्रकरण. मॅनेजरांनी कुंभाराकडून आणलेल्या एका मावळ्याला काळ्या रंगानं चष्मा काढला, हातात काडीची छत्री दिली आणि मास्तरांच्या भिंतीकडच्या बुरुजाखाली उभा केला. गळ्यात चिठ्ठी: फितूर. मास्तर चष्मा लावतात आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत छत्रीशिवाय बाहेर पडत नाहीत. बेळगावच्या पावसात ते शहाणपणच आहे. दुसऱ्या दिवशी राजहंसगडाच्या पायथ्याला एक पोट सुटलेला सावकार बसला, मांडीवर खतावणी घेऊन. तिसऱ्या दिवशी फितूर फुटलेला सापडला.

मॅनेजरांनी पोलिसांना फोन केला. बीटचे शिपाई मोटारसायकलवरून आले. त्यांनी दोन्ही किल्ले मन लावून पाहिले, मोबाइलवर फोटो काढले आणि जाताना म्हणाले, "राजहंसगड छान केलाय. तो दुसरा कुठला?" तक्रारदार मॅनेजर होते, आणि दाद मिळाली आरोपीला. ते शिपाई गदगकडचे, त्यांनी पारगडाचं नाव ऐकलेलं असायचं कारण नव्हतं. मॅनेजरांनी संध्याकाळी किल्ल्यावर मराठी आणि कन्नड अशी दुहेरी पाटी लावली. मास्तरांनीही लावली. दोन्हीकडचं कन्नड वकिलांच्या नातीनं लिहून दिलं आणि दोन्हीकडून चकल्या घेतल्या.

२०२३ सालची दिवाळी वेगळी सांगायला हवी. त्या वर्षी मार्चमध्ये खऱ्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा बसला आणि त्याचं लोकार्पण दोनदा झालं. एकदा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, आणि तीन दिवसांनी पुन्हा, विरोधी पक्षाच्या पुढाकारानं. जिल्हाभर त्यावर बोलणं झालं होतं. दिवाळीत मास्तरांनी आपल्या राजहंसगडावर वीतभर उंचीचा नवा पुतळा बसवला आणि वर रुमाल टाकून ठेवला, लक्ष्मीपूजनाला उघडायचा म्हणून. मॅनेजर धनत्रयोदशीलाच नारळ घेऊन आले, भिंतीवरून वाकून रुमाल ओढला आणि म्हणाले, "झालं लोकार्पण. तुमचं तुम्ही परत करा की, पद्धतच आहे." मास्तरांनी लक्ष्मीपूजनाला परत केलं. क्रॉसवरचे सगळे दोन्ही कार्यक्रमांना होते. मी पण होतो. पेढे दोन्ही वेळा चांगले होते.

अळिवाची तपासणी

हसण्यावारी गेलेलं हे प्रकरण त्याच वर्षी गढूळ झालं. मास्तरांचे अळीव कुजले. हिरव्या गडाऐवजी बुळबुळीत काळा थर आला आणि दक्षिणेचा बुरूज ढासळला. मास्तरांचा संशय एकच: रात्री कुणीतरी मीठ टाकलं. "मी मीठ टाकलो? मी?" मॅनेजर खरंच दुखावले. त्या रात्री प्रथमच एका घरचा फराळ दुसऱ्या घरी गेला नाही. दोन्ही अक्का वकीलसाहेबांकडे गेल्या, आणि मागच्या दारानं गेल्या.

वकीलसाहेबांनी पुढच्या सकाळी मॅनेजरांच्या गच्चीवर जाऊन कारंज्याच्या पाण्यात कपड्यांची नीळ ओतली आणि खाली येऊन चहा मागितला. दुपारपर्यंत मास्तरांच्या बाजूला भिंतीच्या पायातून निळं पाणी पाझरायला लागलं. जांभा सच्छिद्र दगड, पाणी अडवत नाही. प्लॉटचा उतार उत्तरेला. पाच दिवसांच्या कारंज्याचं पाणी भिंतीखालून सरळ राजहंसगडात जात होतं. अळिवाला पाणी लागलं की भोवती बुळबुळीत गर धरतो, आणि पाणी साचलं की त्यातच बी कुजतं.

मॅनेजर म्हणाले, "उतार निसर्गाचा आहे साहेब, माझा नव्हे."

"उतार निसर्गाचा," वकीलसाहेब म्हणाले, "बोअर निसर्गाची नव्हे."

या एका वाक्यात बराच कायदा आहे. वरच्या जमिनीवरचं पावसाचं पाणी नैसर्गिक उतारानं खाली येतं, तेव्हा खालच्या मालकाला ते सोसावं लागतं. माणसानं साठवून सोडलेल्या पाण्याला ती सवलत नाही. तसा हक्क हवाच असेल तर १८८२च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार आणि अखंड पाणी सोडलेलं असावं लागतं. पाच दिवसांचं कारंजं त्यात बसत नाही. मनाई हुकमाचा दावा लावता आला असता. पण दाव्यात किल्ल्याचं मूल्यांकन किती धरायचं, असं वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा दोघांनीही आपल्या किल्ल्याची रक्कम दुसऱ्याच्या उत्तरानंतर सांगायचं ठरवलं, आणि विषय तिथंच राहिला.

तडजोडीचे फसलेले प्रयत्न

पहिला प्रयत्न उंचीच्या मर्यादेचा. दोन्ही किल्ले सारख्या उंचीचे. मोजायचं कुठून यावर फिसकटला, कारण मॅनेजरांचं अंगण वर आहे. दुसरा परीक्षक बोलावण्याचा. बाहेरच्या एका चित्रकला शिक्षकांनी दोघांना विभागून पहिला नंबर दिला, आणि दोघेही त्यांच्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या बैठकीत मास्तरांनी खुद्द वकीलसाहेबांवर हरकत घेतली: फितूर फोडला तो त्यांच्या मांजरीनं, तेव्हा ते या प्रकरणात पक्षकार आहेत. मांजरीच्या पंजाला काळा रंग लागल्याचं मास्तरांनी पाहिलं होतं. मग हे आधी का नाही सांगितलं? "मला विचारलंच कुठं कुणी?"

इथं एक गोष्ट नोंदवतो, कारण ती कागदावर येत नाही. तडजोड व्हावी अशी क्रॉसची फारशी इच्छा नव्हती. चढाओढीत दोघांनी समोरचा रस्ता झाडून घेतला होता, बंद पडलेला दिवा महापालिकेच्या मागे लागून सुरू करून घेतला होता, मोकळ्या प्लॉटातलं काँग्रेस गवत उपटून काढलं होतं. दिवाळीत पाहुण्यांना दाखवायला काहीतरी होतं. बैठकीला येणारा प्रत्येक जण समेटाचं बोलायचा आणि जाताना एकाच्या कानात काहीतरी सांगून जायचा. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या शांततेसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, त्यात तिघांचं पॅनेल सांगितलंय. माझं मत विचाराल तर ते तिघे त्या गल्लीतले नसावेत.

वकीलसाहेबांचा प्रश्न

२०२४च्या पावसाळ्यात वकीलसाहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि एकच विचारलं: "गल्लीत होता तेव्हा कुणाशी भांडत होता?"

मास्तर तासभर बोलले. शहापुरात त्यांची गल्ली आणि शेजारची गल्ली, किल्ला कुणाचा, गणपती कुणाचा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ कुणाचा सरस. बेळगावात शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथ रात्रभर चालतात. त्या रात्री आपला रथ पुढच्या रथापेक्षा थोडा जास्त वेळ चौकात थांबवायचा, हे मास्तरांचं तरुणपणचं काम. मॅनेजरही तेच बोलले, फक्त गल्ल्यांची नावं वेगळी. मंडळाचे खजिनदार होते ते. वर्गणी कमी पडली की स्वतःच्या खिशातली घालून हिशेबात पत्नीच्या नावानं दाखवायचे. दोघांपैकी एकालाही तेव्हा घराशेजारच्या माणसाशी भांडल्याचं आठवेना. घराशेजारचा माणूस तर आपल्याच मंडळात.

प्रकरणाची किल्ली इथं आहे असं मी मानतो. बेळगावच्या गल्लीत ईर्ष्या भरपूर, पण ती गल्लीच्या नावावर असते, तिला अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, विसर्जनानंतर हिशेब असतो. उपनगरात माणूस येतो तो ईर्ष्या घेऊन येतो, मंडळ मागे राहतं. मग भिंतीपलीकडे जो दिसेल तो शत्रुपक्ष. स्वभावदोष, अहंकार, निवृत्तीनंतरचं रिकामपण, अशी कारणं विद्यार्थी लिहितात. मी त्यांना अर्धे गुण देतो. हेच दोघे गल्लीत तितकेच अहंकारी होते आणि तिथं त्यांना कार्यकर्ते म्हणत.

वकीलसाहेबांनी मग मोकळ्या प्लॉटात क्रॉसचा एकच किल्ला करायचं सुचवलं. मालक गोव्यात, त्यांनी फोनवर होकार दिला. पण किल्ला कुठला? राजहंसगड म्हटलं की मॅनेजर उठायचे, पारगड म्हटलं की मास्तर.

"बेळगावचाच करा की," वकीलसाहेब म्हणाले. "भुईकोट आहे. उंचीचा प्रश्नच येत नाही."

निष्पत्ती

भुईकोट झाला. खंदक आल्यामुळे मॅनेजरांच्या पाण्याला जागा मिळाली आणि आतल्या कमल बस्तीमुळे मास्तरांना बोलायला विषय. १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं हे जैन मंदिर त्यांनी थर्मोकोलमध्ये कोरलं, छतातलं कमळसुद्धा. ते बघायला आडवं झोपून मान आत घालावी लागते. बरेच जण झोपले. वर्गणीचा हिशेब मॅनेजरांनी छापून वाटला. त्यात मास्तरांच्या नावापुढे एक जादा रक्कम होती आणि मास्तर म्हणत होते, मी एवढे दिलोच नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उंची गेली आणि खोली आली. खंदक किती खणायचा यावर दोघे एकाच बाजूला, फावडी घेऊन, एकमेकांच्या वरचढ खणत होते, आणि शेवटी पाण्याची जुनी पाइपलाइन लागली तेव्हाच थांबले. रंगाचा प्रश्न सुटला नाही, वाढला. आता क्रॉसवर धूलिवंदनही खेळतात आणि रंगपंचमीही, आणि भाड्यानं राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांना दोन्ही दिवशी कपडे खराब करावे लागतात. दोन्ही अक्का खूष आहेत, कारण अंगणं मोकळी झाली आणि तिथं त्यांनी आपापली जाईजुई लावली. कुणाची आधी चढते यावर त्या काही बोलत नाहीत.

२०२५च्या दिवाळीत पुढच्या क्रॉसनं किल्ला केला. मोठा केला, वल्लभगड, आणि वर दिव्यांची माळ. आमचा भुईकोट त्यांच्या वरच्या अंगाला आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून लेखी तक्रार आली: तुमच्या खंदकाचं पाणी आमच्या गडाच्या पायथ्यात येतंय. मध्यस्थ म्हणून त्यांनीही वकीलसाहेबांचंच नाव सुचवलं होतं.

मास्तर आणि मॅनेजरांनी त्या रात्री एकत्र बसून उत्तर लिहिलं. दोघांची सही एका कागदावर मी तेव्हा प्रथम पाहिली. उतार निसर्गाचा आहे, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की वकीलसाहेबांचा प्लॉट कोपऱ्याचा असून त्याचं एक लहान गेट पुढच्या क्रॉसवर उघडतं, तेव्हा ते त्या क्रॉसचेही रहिवासी ठरतात. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत त्यांनी ते गेट कुलूप लावून बंद ठेवावं. वकीलसाहेबांची त्याला तयारी होती. त्यांच्या पत्नीनं नकार दिला. कामवाली मावशी त्याच गेटानं येते.